खाली ठेवलेला कप

आषाढ सरत आला की आमच्या कोरेगावच्या बाजारात एक हातगाडी येते. तिच्यावर फक्त ओले खजूर असतात, पिवळेधमक, देठाच्या घोसासकट. गाडीवाला म्हणतो कच्छहून येतात. येत असतील. मी दरवर्षी तिथे थांबतो, अर्धा किलो घेतो, आणि घरी पोचेपर्यंत धास्तावलेला असतो. पंचाहत्तरीला टेकलेला माणूस, नात कॉलेजात जाते, आणि फळांची पिशवी हातात घेऊन घाबरतो. हसायचं तर हसा. आमच्या घरचे हसतातच.

काय करणार, माझ्या आयुष्यात एक अख्खा मोसम भीतीत गेला आणि त्या मोसमाला वास खजुराचा आहे. वेलचीचा आहे, वाळलेल्या लिंबाचा आहे, आणि बंद पडलेल्या एसीच्या ओल्या जाळीचाही आहे.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी कतारला होतो, दोहात, अल मुंतझा वस्तीतल्या एका जुन्या इमारतीत. पुण्यात फ्रिज दुरुस्त करता करता एसीचं काम शिकलो आणि त्या कामानेच मला तिकडे नेलं. एका खोलीत आम्ही पाच जण, सगळे बायकामुलं गावी ठेवून आलेले. वेस्ट बे म्हणून आता जिथे काचेचे मनोरे दिसतात म्हणे, तिथे तेव्हा समुद्रात भराव टाकायचं काम चाललं होतं. उन्हाळ्यात हवा इतकी दमट व्हायची की सकाळी धुतलेला शर्ट संध्याकाळीही ओलाच. आमच्या पाचांत वडीलधारे म्हणजे इब्राहिमभाई, कंपनीचे ड्रायव्हर, रत्नागिरीकडचे. अरबी फाडफाड बोलायचे, आमच्याशी मात्र कोकणातलं मराठी. मला दत्तू म्हणायचे आणि माझ्या घाबरटपणाची रोज एकदा तरी फिरकी घ्यायचे.

कारण माझा स्वभावच मुळात धास्तीचा. पहिले दीड-दोन महिने मी रूमवरच्या वरण-भाताखेरीज काही तोंडात घातलं नाही. बाहेरचं काही समोर आलं की आधी वास घ्यायचा, मग यात काय काय आहे ते विचारायचं, मग उत्तरावर विश्वास ठेवायचा नाही. सोमवार आणि चतुर्थी पाळणारा मी. तिथे चुकून काही पोटात गेलं तर, ही धाकधूक कायम.

त्यात माझ्या बायकोला, सुमनला, दिवस गेलेले. मी दोन वर्षांच्या करारावर निघालो तेव्हा तिला नुकतीच चाहूल लागली होती. आनंद झाला म्हणायची सोय नव्हती. आधी दोनदा असंच झालं होतं आणि दोन्ही वेळा सहाव्या महिन्यात सगळं संपलं होतं. पहिल्या वेळी मी हौसेने तिला चुलतभावाच्या लग्नाला एसटीने घेऊन गेलो होतो. दुसऱ्या वेळी कुठे म्हणजे कुठे नेलं नाही. कामावर रजा टाकून आठ दिवस तिच्या खाटेजवळ बसून राहिलो, पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू दिला नाही. तरीही गेलं. तिसऱ्या वेळी डॉक्टरीणबाईंनी तिला माहेरी झोपवून ठेवलं आणि मी विमानात बसलो.

मग तिची पत्रं यायला लागली. खाल्लेलं टिकत नाही, वजन वाढत नाही, डॉक्टरीणबाई रागावतात. पत्र यायला बारा-चौदा दिवस लागायचे, म्हणजे मी जे वाचून घाबरायचो ते दोन आठवडे शिळं असायचं, आणि आता काय असेल या विचाराने मी ताजा ताजा घाबरायचो. मी उत्तरात काय लिहिणार? एकदा काही सुचेना म्हणून कोपऱ्यावरच्या इराण्याच्या भट्टीबद्दल लिहिलं. हातभर लांबीची रोटी, तिला खुबूस म्हणतात, भट्टीच्या भिंतीवर थापतात, कागदात गुंडाळून देतात आणि छातीशी धरून रूमवर आणेपर्यंत शर्टाला तिचा वास लागतो, असं काहीबाही. त्यावर तिचं उत्तर आलं. ते पत्र अजून माझ्या ट्रंकेत आहे.

“तुम्ही त्या लांब रोटीबद्दल लिहिलंत ते वाचलं आणि तीन आठवड्यांनी पहिल्यांदा भूक लागली. अर्धी भाकरी खाल्ली आणि ती राहिली. आता दर पत्रात तिथलं काहीतरी खाऊन लिहा. रूमवरचं वरण-भात नको, तो इथेही आहे.”

डोहाळे बायकोला लागतात आणि नवऱ्याने ते पुरवायचे असतात, हे आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक आहे. कुणाला चिंचा लागतात, कुणाला कैरी, कुणाला माती. माझ्या बायकोला डोहाळे लागले ते माझ्या जिभेचे. मी खायचं, मी लिहायचं, आणि तिकडे तिला घास जायचा. ज्या माणसाला परक्या घरचा चहा प्यायची भीती, त्याच्यावर ही पाळी.

इब्राहिमभाईंना पत्र वाचून दाखवलं तर ते खो खो हसले. मग गंभीर झाले आणि म्हणाले की उद्यापासून माझ्याबरोबर गाडीत बस, जिथे काम निघेल तिथे खायचं. आणि ती मोहीम सुरू झाली.

लबान प्यालो. आपलं ताकच ते, पण दाट आणि हिंग-जिऱ्याशिवाय पोरकं. खजुराचा काळा पाक तिळाच्या चटणीत कालवून रोटीला लावतात, तो खाल्ला. मासळीचा आंबवलेला रस्सा रोटीवर पसरून देतात, त्याच्या वासाने डोळ्यांत पाणी आलं, तरी एक तुकडा गिळला आणि तीन पानी पत्र लिहिलं. प्रत्येक नव्या पदार्थाच्या वेळी मी एक गोष्ट करायचो. आमच्या घरात नवं फळ, नवं धान्य देवाला दाखवल्याशिवाय तोंडात घालत नाहीत. आंबा असो नाहीतर हुरडा, आधी खाली ठेवायचा, हात जोडायचे, मग घ्यायचा. कतारमध्ये देव कुठून आणणार? मी जे हातात येईल ते समोर खाली ठेवायचो, डोळे मिटायचो, गणपतीचं नाव घ्यायचो आणि मग सुमनचं. हे एकदाही चुकलं तर तिकडे काहीतरी होईल, असं मनाने घेतलं होतं.

एका कतारी घरी सकाळी एसी लावायला गेलो तर नाश्त्याची थाळी समोर आली. केशर, वेलची घातलेल्या गोड शेवया. जीव भांड्यात पडला. शेवया म्हणजे आपल्याच. आणि त्या शेवयांवर, आपण पुरणपोळीवर तूप सोडावं तितक्या सहजपणे, एक आख्खं ऑम्लेट पसरलेलं. मी ती थाळी खाली ठेवून इतका वेळ डोळे मिटले की घरच्या म्हाताऱ्या मोलकरणीला वाटलं मला चक्कर आली. खाल्लं. आणि खरं सांगतो, वाईट नव्हतं. सुमनने लिहिलं की ते वाचून ती इतकी हसली की पोटात काहीतरी हललं. आधी वाटलं हसण्यानेच, मग पुन्हा हललं. आई म्हणाली, अगं, बाळ आहे ते. हे वाचून मी रस्त्यात पोस्टाच्या पेट्यांसमोर उभा राहिलो आणि मला आनंदाऐवजी घाम फुटला. हलायला लागलं म्हणजे आता खरंच कुणीतरी आहे. म्हणजे आता जाऊही शकतं.

त्याच आठवड्यात मी एक घोटाळा करून ठेवला. तिकडे लिंबं उन्हात काळी ठिक्कर वाळवतात आणि ती फोडून त्याचा चहा करतात. मळमळीवर उत्तम, असं एकाने सांगितलं, मला आवडलाही, मी भाबडेपणाने तिला लिहून टाकलं. पत्र पेटीत पडलं आणि पाठोपाठ डोक्यात आलं, गरोदर बाईला चालतो का हे कुठे विचारलं? दुसऱ्या दिवशी दुसरं पत्र: पिऊ नकोस. तिसऱ्या दिवशी तिसरं: प्यायली असशील तर कळव. पहिल्या पत्रावर तिच्या आईने घरातली लिंबं पत्र्यावर वाळत टाकली. ती वाळायच्या आत दुसरं पत्र पोचलं आणि मग त्यांचं लोणचं झालं. हे मला कळायला महिना लागला. तो महिना मी कसा काढला ते माझं मलाच माहीत.

मग रमजान आला. दिवसा दुकानं मिटलेली, रस्ते सुन्न, आणि सूर्य बुडायच्या सुमाराला गल्लीत गव्हाचा आणि तुपाचा वास. शेजारचं कतारी घर आमच्या खोलीत मोठ्या वाडग्यातून हरीस पाठवायचं. गहू आणि मटण तासन् तास शिजवून घोटतात, इतकं की कुठला गहू आणि कुठलं मटण ते जिभेला कळत नाही. इब्राहिमभाई उपास सोडायचे तेव्हा आम्ही चौघेही त्यांच्याबरोबर थांबून मगच हात घालायचो. मी मात्र सोमवार सोडून. सोमवारी मी माझा वाटा झाकून ठेवायचो, मंगळवारी गरम करून खायचो आणि लिहायचो.

हे सगळं आमच्याकडे पाहुण्यांना सांगायची सुमनला फार हौस आहे. ऑम्लेट, लिंबाचं लोणचं, सगळं रंगवून सांगते. आणि शेवट ठरलेला असतो, “आणि एवढं करून ह्यांनी म्हाताऱ्याकडे मागितलं काय, तर खजूर!” मग सगळे हसतात, मीही हसतो. म्हणून आता ते नीट सांगतो.

सहावा महिना लागला. सुमनचं पत्र आलं की सातव्यात ओटी भरायची आहे, जमलं तर या, तुम्ही आलात तर मला धीर येईल. खाली तिच्या आईचंही तेच. खोलीतल्या सगळ्यांनी वाचलं. रजा दोन वर्षांनीच, असा कंपनीचा नियम. मी सगळ्यांना तो नियम सांगायचो. जायची इच्छा फार आहे हो, पण नियम पडला, मालक ऐकायचा नाही. इब्राहिमभाई म्हणायचे, मालकाच्या कानावर तरी घाल. मी म्हणायचो, इन्शाल्ला, बघू.

ईदच्या दुसऱ्या दिवशी मदिनत अश शमालहून, पार उत्तरेच्या गावातून, निरोप आला. तिथे आमच्या मालकाचे वडील राहायचे, अबू खालिद म्हणत त्यांना. बैठकीचा एसी बंद पडला होता आणि घरात ईदचे पाहुणे. इब्राहिमभाई म्हणाले यल्ला, चल, आणि आम्ही निघालो. दीड-दोन तासांचा सरळ रस्ता, दोन्हीकडे वाळू. पोचल्यावर तासाभरात मी एसी चालू केला आणि हत्यारं गोळा करून निघणार, तर म्हाताऱ्याने आम्हा दोघांना आत बैठकीत बसवलं. पाहुण्यांच्या ओळीत, गालिच्यावर. भिंतीला टेकून पंधरा-वीस पांढरे झगे. मध्ये परातीत खजूर, अर्धे पिवळे, अर्धे पिकून तपकिरी झालेले, एकाच फळात दोन्ही रंग. ते त्यांच्या बागेतले, रुतब म्हणतात त्यांना. आणि लांब चोचीची किटली घेऊन एक जण गहवा ओतत येत होता. गहवा म्हणजे त्यांची कॉफी, फिकट पिवळी, साखर नाही, नुसती वेलची आणि केशर. कान नसलेला एवढासा कप, त्यात तळाला दोन घोट.

कप पुरे झाला की हलवून परत द्यायचा, एवढं इब्राहिमभाईंनी मला शिकवलं होतं. पण गहवा मी तोपर्यंत प्यालो नव्हतो. माझ्यासाठी तो नवा पदार्थ. मी कप घेतला, समोर गालिच्यावर ठेवला, हात जोडले आणि डोळे मिटले. गणपती. सुमन.

डोळे उघडले तर बैठक चिडीचूप. ओतणारा किटली धरून जागच्या जागी उभा. सगळे माझ्या कपाकडे बघत होते. अबू खालिद सावरून बसले आणि मला काहीतरी म्हणाले, अगदी हळू. वाटलं, हात जोडले ते चुकलं, आता नोकरी गेली. इब्राहिमभाईंचा चेहरा बदलला होता, पण रागाने नव्हे.

ते मला मराठीत म्हणाले, “दत्तू, यांच्यात न पिता कप खाली ठेवला म्हणजे पाहुणा मागणं घेऊन आलाय. ते पुरं केल्याशिवाय तो पिणार नाय. बाबा विचारतायत, तुझी मागणी काय. आता तुला नाय म्हणायचे नाय ते. रजा माग.”

मी कपाकडे बघत राहिलो. वर एसी गुरगुरत होता, मीच चालू केलेला. मालकाचा बाप समोर बसून विचारत होता आणि माझा नियम, ज्याच्या आड मी महिनाभर लपलो होतो, तो एका क्षणात कुणीतरी उचलून नेला होता. आता नुसतं तोंड उघडायचं होतं.

“सांगा त्यांना,” मी म्हणालो, “माझी बायको गरोदर आहे, तिला अन्न जात नाही. हे खजूर तिच्यापर्यंत पोचवायचे आहेत.”

इब्राहिमभाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी वेडा झालोय. पण मागणी मागणी असते, त्यांनी ती सांगितली. अबू खालिदांनी परातीकडे पाहिलं. मग त्यांचा चेहरा असा काही मऊ झाला की मला रडू येईल असं वाटलं. पोटुशा बाईला याच्याइतकं चांगलं दुसरं काही नाही, असं म्हणाले, आणि कपाकडे बोट दाखवलं. “खलास, दिलं. पी.”

मी प्यालो. कडू होता, गार झाला होता, आणि वेलचीचा वास नाकात बसला तो आजपर्यंत.

आम्ही परत निघालो. मागच्या सीटवर पत्र्याचा मोठा डबा होता. म्हाताऱ्याने स्वतः निवडून भरलेला, वाटेत पिकतील असे अर्धे पिवळे बघून. निम्मा रस्ता सरल्यावर इब्राहिमभाईंनी विचारलं, रजा का नाय मागितलीस? सुचलं नाही हो, घाबरलो, मी म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि पुढे वर्षभर हा किस्सा ज्याला त्याला सांगितला.

खोटं होतं ते. सुचलं होतं. जिभेवर आलं होतं. पण आपल्याकडे सुनेचा पायगुण बघतात ना, तसा माझ्या मनाने माझा बघितला होता. दोन्ही वेळा मी घरात होतो आणि दोन्ही वेळा मूल गेलं. आता मी नव्हतो आणि पोटात हलत होतं. मी गेलो आणि पुन्हा तेच झालं तर? हे कुणाला सांगणार? जिने लिहिलं होतं की तुम्ही आलात तर धीर येईल, तिला?

डबा पोचला. इब्राहिमभाईंच्या गावचा एक जण सुट्टीवर निघाला होता, तो वाकडी वाट करून, एसट्या बदलत तिच्या माहेरी देऊन आला. डबा गेल्यावर मला आठवलं की खजूर उष्ण असतो म्हणतात. झालं, पुन्हा पत्र: आधी डॉक्टरीणबाईंना विचार. तिचं उत्तर आलं तेव्हा सातवा लागून गेला होता. रोज तीन खाते, डॉक्टरीणबाई चालेल म्हणाल्या, आणि त्यांनीही दोन खाल्ले. रजा मिळाली नाही याचं वाईट वाटून घेऊ नका, असंही लिहिलं होतं. थंडी सुरू झाली आणि तार आली. मुलगी. दोघी सुखरूप. मी ती तार खोलीत समोर खाली ठेवून हात जोडले आणि कितीतरी वेळ उचललीच नाही. मंजू सव्वा वर्षाची झाल्यावर मी तिला पाहिलं. मला बघून ती आजीच्या पदराआड लपली.

यंदाही खजूर घेऊन आलो. सुमनने ओट्यावर घोस धुतला, ताटलीत घेतला आणि समोर बसून बिया काढायला लागली. दुपारची वेळ, घरात दोघंच. नेहमीचं वाक्य तिच्या तोंडी आलं, रजा मागायची सोडून खजूर कोण मागतं हो? आणि मला काय झालं कोण जाणे. एवढी वर्षं जे पोटात ठेवलं होतं ते बोलून गेलो. घाबरून नव्हे, मी मुद्दाम मागितली नाही म्हणालो. मी आलो तर पुन्हा तेच होईल असं वाटत होतं.

तिने मान वर केली नाही. सुरी चालतच होती. वाटलं, या वयात हे कशाला काढलं, आता ही बोलायची नाही.

“ते ओटीचं पत्र मला आईने लिहायला लावलं होतं,” ती म्हणाली. “या म्हणून लिहिलं. आणि पत्र गेल्यापासून रोज देवापुढे बसून म्हणत होते, ह्यांना रजा मिळू देऊ नकोस.”

बाहेर कुणीतरी मोटारसायकल चालू करायच्या खटपटीत होतं, ती एकदाची चालू झाली आणि गेली. मग तिने बी काढलेला एक खजूर माझ्या हातावर ठेवला. यंदाचा पहिला. मी सवयीने तो समोर खाली ठेवला.

तिने खजुराकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“आता काय मागायचं राहिलंय?” तिने विचारलं.

“काही नाही,” मी म्हणालो, आणि खाल्ला.